तोंडी वाटपाचं साल

तक्रारी नोंदींच्या सुनावणीत मंडळ अधिकाऱ्याच्या कानावर सगळ्यात जास्त पडणारं वाक्य म्हणजे 'अख्ख्या गावाला माहीत आहे, मॅडम.' गावाला सगळं माहीत असतं, फक्त जबाब द्यायला कोणी येत नाही.

वारस नोंदीला हरकत आली की ती नमुना 6-अ मध्ये, म्हणजे वादग्रस्त नोंदींच्या वहीत, चढते, दोन्ही बाजूंना नोटिसा निघतात आणि प्रकरण माझ्यापुढे येतं. फेरफार महसुली नोंदीपुरता, मालकीचा निवाडा दिवाणी कोर्टाचा. हे मी दर तारखेला सांगते आणि दर तारखेला वकील हायकोर्टात उभे असल्यासारखे बोलतात.

हे प्रकरण भावाबहिणीचं. वडील वारले. पत्नी, मुलगा, मुलगी अशी तिघांची नोंद धरली गेली. मुलाची हरकत: जमीन वडिलोपार्जित, 1998 सालीच तोंडी वाटप होऊन ती माझ्या वाट्याला आली, बहिणीचा संबंध नाही.

1998 वाचूनच मी सावध झाले. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलींना जन्मतः सहदायकाचा, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच, हक्क दिला, पण 20 डिसेंबर 2004 पूर्वीची वाटपं शाबूत ठेवली. तेव्हापासून तोंडी वाटपं त्या तारखेच्या अलीकडे येतच नाहीत. 2006 मध्ये तोंडी वाटप केलेलं कुटुंब मला अजून भेटायचं आहे.

वकील म्हणाले, सुप्रीम कोर्टाचा निकालच आहे. कोणता? 'पुढच्या तारखेला देतो.' निकाल आहे खरा, 11 ऑगस्ट 2020 चा, विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा. पण तो त्यांच्याच विरुद्ध जातो. तोंडी वाटपाचं नुसतं म्हणणं मानू नये, अपवाद करायचाच तर सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार हवा, असं त्यात आहे. न वाचलेला निकाल आवाज चढवून सांगायची ही खोड तालुक्याला नवी नाही.

मग मी दस्तऐवज काढले. हे काम मला मनापासून आवडतं. हस्तलिखित सातबारे, कडा कुरतडलेले, पण बोलके. पीकपाहणीत 1998 नंतरही वर्षामागून वर्ष वडिलांचंच नाव. 8-अ ला, म्हणजे खातेदारांच्या नोंदवहीत, खातं एकच. आणि सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात 2011 चा विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा, पूर्ण गटावर, कर्जदार वडील. जमीन तेरा वर्षांपूर्वीच मुलाची झाली होती, तर बापाने तिच्यावर कर्ज उचललं कसं? वकिलांनी यावर पाण्याची बाटली उघडली.

पुरावा म्हणून पाच गावकऱ्यांची प्रतिज्ञापत्रं होती. मजकूर एकच, टायपिंगची चूकसुद्धा पाचही ठिकाणी तीच. त्यातल्या एका आजोबांना विचारलं, वाटप पावसाळ्यात झालं की उन्हाळ्यात? आजोबांनी वकिलांकडे पाहिलं.

इथवर प्रकरण सरळ होतं. घोळ बहिणीच्या जबाबाने झाला.

"वाटण्या कधी झाल्याच न्हाईत, मॅडम. पन मीच दादाला म्हनले व्हते, मला जमिनीतलं काय नको, माहेर तेवढं राहू दे."

मी विचारलं, मग आता?

"आता नाव लागू द्या. त्यानं लिवलंय, माझा संबंधच न्हाई."

तिचं ते बोलणं कायद्याने शून्य. स्थावरातला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. पण भावाच्या हातात खरं असं तेवढंच होतं, आणि हरकतीत नेमकं तेच कुठे नव्हतं. बहिणीला घेऊन दुय्यम निबंधकाकडे गेला असता तर तिने अंगठा दिला असता, असं मला अजून वाटतं. हा सल्ला त्याला द्यायला कोणालाच परवडलं नसावं. वाटपाचा दावा लिहिण्यात फी आहे, बहिणीला फोन करायला सांगण्यात नाही.

हरकत फेटाळून नोंद मंजूर केली. आदेशात बहिणीचं वाक्य जसंच्या तसं घेतलं. घ्यायला हवं होतं का, यावर माझे वरिष्ठ आणि मी अजून वाद घालतो. त्यांच्या मते अपिलात त्याचाच वापर होईल.

अपील झालं. उपविभागीय अधिकाऱ्यांकडून प्रत आली, ती वाचली. बहिणीच्या वाक्याचा त्यात उल्लेखही नाही. वाटप मात्र आता 1993 चं झालं आहे, म्हणजे महाराष्ट्राने मुलींना हक्क देणारी स्वतःची दुरुस्ती 22 जून 1994 ला लागू केली, त्याच्याही आधीचं. साक्षीदार तेच पाच.