घाट पाण्यामागे चालतो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न नेहमीचा आहे: "खानदेशात समुद्र कुठंय? बंदरावर करतात ती जोखीम-तपासणी हतनूर नाहीतर उकाई धरणाच्या फुगवट्यावरच्या (मागं साठलेल्या पाण्यावरच्या) मासळी उतरवायच्या घाटाला कशाला?"

लागते, आणि बंदरापेक्षा जास्त वेळा लागते. मुंबईचा ससून डॉक 1875 पासून आहे तिथंच आहे. भरती-ओहोटीनं पाणी चढतं-उतरतं, धक्का जागचा हलत नाही. आपल्याकडे पावसाळा संपताना पाणी काठोकाठ, तर मे महिन्यात कुठल्या कुठं सरकलेलं. घाट पाण्यामागे चालत जातो. जानेवारीत भरलेला जोखमीचा तक्ता एप्रिलमध्ये दुसऱ्याच जागेचा असतो. म्हणून तपासणी तीनदा करावी: धरण भरल्यावर, मार्चमध्ये आणि मृगाच्या आधी.

तक्ता सोपा. शक्यतेला 1 ते 5, परिणामाला 1 ते 5, मग गुणाकार. पण त्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका. ओल्या फरशीवर पाय घसरणं: 4 गुणिले 2, म्हणजे 8. होडी धरणाच्या दरवाजांच्या ओढीत सापडणं: 1 गुणिले 5, म्हणजे 5. कागदावर फरशी वर येते. परिणाम 5 असेल तिथं गुणाकार न बघता आधी हात घालायचा. हतनूरला 41 दरवाजे आहेत. विसर्गाची सूचना मिळाली की पाण्यातलं जाळं तसंच सोडून काठाला यायचं. माणूस परत जातो तो जाळ्याच्या किमतीपायी. म्हणून जाळं गेलं तर मच्छीमार संस्था किती भरपाई देईल, हे पावसाळ्याआधीच ठरलेलं हवं. घाटावर बुडणाऱ्याकडे फेकायची, तरंगत्या दोरीची रिंग हवी, दोरी 25-30 मीटरची.

उन्हाळ्यात खरा धोका गाळाचा. वरचा पापुद्रा वाळून भेगाळतो, रंग पांढुरका पडतो, जमीन भक्कम वाटते. खाली मात्र लोण्यासारखा ओला चिखल. नुसता माणूस पार होतो, तोच डोक्यावर 25-30 किलोचा क्रेट घेऊन गुडघाभर रुततो. आधी बांबू टोचून पाहावा. वीतभरापेक्षा जास्त आत गेला तर तिथून वाहतूक नको, फळ्या टाकून वाट करा. रुतलेल्याला उभ्यानं ओढू नका. त्यानं क्रेट टाकायचा, मागं रेलायचं आणि पाय हलवत एकेक मोकळा करायचा.

थर्माकोलच्या तराफ्याबद्दल स्पष्टच सांगतो: तो बंद करायला हवा. कडा झिजून दाणे पाण्यात जातात, उरलेला तुकडा हलका आणि बेभरवशाचा होतो. सुरक्षा आणि पर्यावरण हे दोन वेगळे तक्ते करू नका म्हणतो ते याचसाठी. फायबरची होडी घेईपर्यंत निदान लाइफ जॅकेटशिवाय कोणी तराफ्यावर बसू नये.

बर्फ फोडायच्या यंत्राला अर्थिंग हवंच, शिवाय 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या माणसाचा जीव त्यावर असतो.

मासळी साफ केल्यावरची घाण हा आणखी एक दुर्लक्षित भाग. 100 किलो कटला-रोहू साफ केले की आतडी-खवले 10 किलोच्या वर निघतात. खड्डा मे महिन्यात पाण्याजवळ सोयीचा म्हणून खणतात आणि पाऊस झाला की तोच खड्डा धरणात बुडतो. घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, उथळ भागातली मासळी तडफडते. खड्डा कायम पूर्ण भरलेल्या धरणाच्या रेषेच्या वरच खणावा, दर थरावर माती टाकावी. इंजिनाचं जळकं तेल मात्र त्यात नको. ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवून भंगारवाल्याकडे नाही, तर अधिकृत तेल-संकलकाकडे द्यावं.

आणि जाळी. वहीत गेलेली आणि आलेली जाळी मोजा. हरवलेलं नायलॉन कुजत नाही, बुडालेल्या झाडांच्या खोडात अडकून मासे-पक्षी मारत राहतं. पाणी उतरलं की ती खोडं उघडी पडतात. जाळी कापून काढायचे दिवस तेच, मृगाचं पाणी चढायच्या आधीचे.