बंदी का घालत नाहीत? मिशिगनमधून थोडं सविस्तर

अमेरिकेत कुठेही गोळीबार झाला की सोलापूरच्या आत्याचा फोन ठरलेला. आधी "सगळे बरे आहात ना?" आणि लगेच, "अगं, मग बंदी का नाही घालत ते लोक?" फोनवर याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

बंदुकांवर बंदी येणार नाही. १७९१ सालची दुसरी घटनादुरुस्ती शस्त्र बाळगण्याचा हक्क देते आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क प्रत्येक व्यक्तीचा असल्याचा निकाल दिला. आपल्याकडे आचारसंहिता लागली की परवाना असलेल्या बंदुकाही पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. इथे एखादा पुढारी असं नुसतं बोलला तरी घरी बसेल. त्यात आमचं मिशिगन म्हणजे शिकाऱ्यांचं राज्य. १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणं मारायचा हंगाम सुरू होतो आणि उत्तरेकडच्या कित्येक शाळा त्या दिवशी चक्क सुट्टी देतात. आमच्या शेजारच्या आजोबांकडे चार रायफली आहेत. तपासणी करा, कुलूप लावायला सांगा, माझी काहीच हरकत नाही, असं ते स्वतःच म्हणतात. म्हणजे खरं भांडण आहे ते बंदूक कोणाला मिळावी आणि घरात कशी ठेवावी यावर.

आम्ही नोवायला राहतो, ओकलंड काउंटीत. याच काउंटीत पाऊण तासावर ऑक्सफर्ड आहे. तिथल्या हायस्कूलमध्ये ३० नोव्हेंबर २०२१ रोजी पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना मारलं. पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी, ब्लॅक फ्रायडेच्या सेलच्या दिवशी घेतलेलं. घरात मुलं असतील तर बंदूक कुलपात ठेवा, एवढं सांगणारा कायदाही तेव्हा मिशिगनमध्ये नव्हता. पुढे २०२४ मध्ये त्या मुलाच्या आईवडिलांना सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. शाळेतल्या अशा हत्याकांडासाठी आईबापांना या गुन्ह्याची शिक्षा होण्याची देशातली ती पहिलीच वेळ.

त्यानंतर आमच्याकडे एक गोष्ट बदलली. लेक पहिल्यांदाच एखाद्या मैत्रिणीकडे खेळायला जाणार असेल, तर मी त्या आईला मेसेज करते. शेंगदाण्याची अॅलर्जी, घरी कुत्रा आहे का, आणि तिसरी ओळ: घरात बंदूक आहे का, असल्यास कुलपात असते का. पहिल्यांदा तो मेसेज तीनदा लिहून पुसला होता, आपल्या संस्कारात असलं काही विचारणं बसतच नाही. उत्तर आलं, "हो, तिजोरीत असते, किल्ली नवऱ्याकडे. विचारलंस ते बरं केलंस." शाळेचं म्हणाल तर लेकीच्या वर्गाच्या दाराशी एक लोखंडी पट्टी ठेवलेली असते, दार आतून अडकवायला. ती कोणी लावायची याच्या पाळ्या मुलांनीच ठरवल्यात. लेक हे डबा खाताखाता सांगते.

आता कायद्याकडे. कुलपाचं विधेयक ऑक्सफर्डच्या आधीपासून राज्याच्या राजधानीत, लान्सिंगच्या विधिमंडळात पडून होतं. चार मुलं गेली, मेणबत्त्या लागल्या, पण विधेयक समितीतून हललं नाही. ते हललं वेगळ्याच कारणाने. मतदारसंघांचे नकाशे पुढाऱ्यांनी न आखता नागरिकांच्या आयोगाने आखावेत, असा कौल मिशिगनच्या मतदारांनी २०१८ मध्ये दिला होता. त्या नव्या नकाशावर २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली आणि बंदुकांवर कडक नियम मागणाऱ्या डेमोक्रॅट्सना दोन्ही सभागृहं मिळाली, तीही काठावर: ५६ विरुद्ध ५४ आणि २० विरुद्ध १८. गव्हर्नरपदासकट सगळी सत्ता एका हाती येणं हे त्यांच्यासाठी चाळीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. पुढच्या १३ फेब्रुवारीला मिशिगन स्टेट विद्यापीठात तिघं विद्यार्थी मारले गेले आणि मे संपायच्या आत कुलपाच्या कायद्यासकट तीन कायद्यांवर गव्हर्नर व्हिटमर यांच्या सह्या झाल्यासुद्धा. नकाशाची ती किचकट, कंटाळवाणी लढाई आधी झाली नसती, तर यावेळीही मेणबत्त्याच लागल्या असत्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

खासगी विक्रीत पूर्वी पिस्तुलालाच परवाना आणि तपासणी लागायची, आता रायफलीलाही लागते. घरात अल्पवयीन मूल असेल तर कुलूप सक्तीचं. तिसरा कायदा मला सगळ्यात मोलाचा वाटतो: घरचा माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठेल अशी भीती असेल, तर नातेवाईक, पोलीस किंवा डॉक्टर कोर्टात जाऊन त्याची शस्त्रं काही काळ काढून घ्यायला लावू शकतात. बातम्यांत शाळा दिसतात, पण २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने जे ४६,७२८ मृत्यू झाले, त्यांतले निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. नोकरी गेलेला, एकटा पडलेला माणूस आपल्या मराठी घरांतही असतोच. आपण त्यावर बोलत नाही, इतकंच.

कायद्याने सगळं थांबलं असंही नाही. जून २०२४ मध्ये, म्हणजे नवे कायदे लागू झाल्यावर चार महिन्यांनी, आमच्याच काउंटीतल्या रॉचेस्टर हिल्सच्या बागेत कारंज्यात खेळणाऱ्या लहानग्यांवर आणि त्यांच्या आईबापांवर गोळीबार झाला, नऊ जण जखमी झाले. विद्यापीठातल्या मारेकऱ्यानेही बंदुका कायदेशीर मार्गानेच घेतल्या होत्या, कारण त्याचा आधीचा शस्त्राचा गुन्हा तडजोडीत किरकोळ ठरवला गेला होता. तासाभरावरच्या ओहायोत तर खासगी विक्रीला तपासणीच नाही.

आणि ते काठावरचं बहुमतही टिकलं नाही, २०२४ च्या निवडणुकीत खालचं सभागृह रिपब्लिकनांकडे गेलं. त्या सभागृहाच्या सगळ्या जागांसाठी दर दोन वर्षांनी मतदान होतं. आमच्या ओळखीत नागरिकत्व घेतलेली मराठी घरं भरपूर आहेत. गणपतीत जेवणाच्या रांगेत ट्रम्प आणि एच-वन-बी व्हिसावर तावातावाने बोलणाऱ्यांना मी विचारलं, लान्सिंगमधला आपला आमदार कोण? एकालाही नाव सांगता आलं नाही. दारात मतदार नोंदणीचं टेबल लावू या म्हटलं, तर "कार्यक्रमात राजकारण नको" असं उत्तर मिळालं. नोंदणी ऑनलाइनही होते, म्हणून लिंक ग्रुपवर टाकली. अंगठे खूप आले. खरंच नोंदणी केली का, ते एकेकाला फोन करून विचारतेय.