तुम्ही विचारलंत म्हणून: खोडलेल्या ओळी

“मॅडम, विषय कलेचा इतिहास ना तुमचा? औंधच्या संग्रहालयात रविवर्मा आहे, हेन्री मूरचं शिल्प आहे. ते सोडून शाहिरांच्या वह्या कशाला? ते तर राजकारण.” वाळवा असो की कराड, चहा पुढ्यात आला की हा प्रश्न येतोच.

ज्या औंधचं नाव घेता, त्याच संस्थानात कुंडल होतं, प्रतिसरकारचं, म्हणजे बेचाळीसच्या चळवळीत इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या समांतर सरकारचं कुंडल. आणि तमाशाची बांधणी तुम्हाला ठाऊकच आहे: गण, गौळण, बतावणी, वग. आता वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी काय केलं ते पाहा. 1944 मध्ये लाल बावटा हे कम्युनिस्ट शाहिरांचं कलापथक निघालं. त्यांच्या लोकनाट्यात गणाची जागा तशीच राहिली, ढोलकी राहिली, मागे साथ धरणाऱ्या झीलकऱ्यांनी ओळ उचलणं राहिलं. वंदन मात्र गणपतीला नाही. मायभूमीला आणि शिवरायांना. गौळण तर गाळलीच. काय ठेवलं, काय गाळलं, यातच राजकारण आहे. ते कलेच्या इतिहासात नाही तर कुठे शोधायचं?

हे आजचं म्हणणं. पीएच.डी.त मीच लिहिलं होतं की जलशात, म्हणजे प्रचारासाठी केलेल्या गाण्या-नाट्याच्या कार्यक्रमात, मोल मजकुराचं, बांधणी नुसतं वाहन. म्हणून पदं उतरवून घ्यायचे आणि समासातल्या खुणा, खाडाखोड सोडून द्यायचे.

त्या समजुतीपायी एक वही गेली. कुंडल भागातल्या एका शाहिराची, सुनेनं विश्वासानं हातात दिलेली. शिवण उसवलेली, कडांचा भुगा होत होता. टिकावी म्हणून मी पानं लॅमिनेट करून आणली.

पेन्सिलीनं लिहून खोडलं तरी दाब कागदावर राहतो. खोली अंधारी करून टॉर्च पानाच्या कडेला, जवळजवळ आडवा धरायचा. खाचांत सावली बसते आणि खोडलेली ओळ उठून दिसते. कुठलं नाव बदललं, कुठलं कडवं गाळलं, ते तिथेच सापडतं. गरम रुळांखालून गेलं की खाचा दबतात, चिकट थर कागदात मुरतो, वर नुसती चकाकी उरते. सोलायला जावं तर अक्षरं प्लॅस्टिकबरोबर निघून येतात. त्या वहीतल्या तीन पदांत खाडाखोड होती.

आता दर पानाचे 2 फोटो: एक खिडकीच्या उजेडात, एक तिरप्या टॉर्चनं. फ्लॅश बंद. कोरी पानंही सोडत नाही. जांभळट अक्षरं दिसली तर ती बहुधा कॉपिंग पेन्सिल. ओलं फडकं लागलं की रंग फुटतो, म्हणून मऊ कोरडा ब्रश. सेलोटेप कधीच नाही.

वही घरची माणसं घरातच ठेवतात. मी नेत नाही. पण घरात वाळवी आहे, गळकं छप्पर आहे. संग्रहात नेली तर नातवंडांच्या हाती पुन्हा कधी लागणार? दोन्ही बाजूंनी मीच मला टोकत असते.

त्या सूनबाई भेटल्या की म्हणतात, “आता कशी झ्याक ऱ्हायलीया वही.” त्यांना मी अजून खरं सांगितलेलं नाही.