सार्वत्रिक आहे, तर पुन्हा पुन्हा का मोजता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न दर वेळी तोच असतो: तीन अणूंच्या बंधांबद्दलचा भौतिकशास्त्रज्ञ एफिमॉव्हचा १९७०चा नियम सार्वत्रिक आहे, म्हणजे अणू कुठलाही असो, लागू पडतो, २००६मध्ये इन्सब्रुकला सीझियमवर तो दिसलाही, मग आता वेगवेगळ्या अणूंची मिश्रणं कशाला?

कारण तिघांच्या बद्ध अवस्था पायऱ्यांसारख्या असतात, प्रत्येक आधीच्यापेक्षा ठरावीक पटीने मोठी; नियम आहे तो या पायऱ्यांमधल्या गुणोत्तराचा, आणि एका पायरीवरून गुणोत्तर निघत नाही. तिन्ही बोसॉन (एकाच अवस्थेत कितीही मावणारे कण) सारखे असतील तर पुढची पायरी २२.७ पट लांब. दोन जड सीझियम आणि एक हलका लिथियम घेतला की तेच अंतर ४.९ पटींवर येतं. म्हणून २०१४मध्ये शिकागोच्या गटाला ओळीने तीन पायऱ्या दिसू शकल्या.

हे सगळं मी एका निवड समितीपुढे सांगायला गेले होते. तिसऱ्याच स्लाइडवर एका ज्येष्ठ सदस्यांनी थांबवलं. "सार्वत्रिक म्हणजे सगळीकडे सारखं ना? मग पुढच्या जोडीचा आकडा कागदावरच काढा." पडद्यावर तेव्हा दोन ढगांचं चित्र होतं, वर लिथियम, खाली सीझियम. शंभर नॅनोकेल्विनच्या, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या किंचित वरच्या तापमानाच्या, आसपास ढग इतके आक्रसतात की बावीसपट जड सीझियम स्वतःच्या वजनाने ट्रॅपमध्ये, म्हणजे अणू धरून ठेवणाऱ्या सापळ्यात, खाली बसतो आणि दोघांची गाठच पडत नाही. गाठ नाही तर तिघांची टक्कर नाही, अणू सापळ्यातून गळत नाहीत, आलेखावर पायरीची खूण असलेलं गळतीचं शिखर उमटत नाही. मी हे समजावत होते. ते म्हणाले, "ही तांत्रिक अडचण झाली, भौतिकशास्त्र कुठे आहे यात?" शेजारच्यांनी पेन खाली ठेवलं. मी गप्प बसले. उत्तर सहाव्या स्लाइडवर होतं, तिथवर जाऊच दिलं नाही. ते अजून सलतं.

ती स्लाइड हायडेलबर्गच्या २०१६च्या मोजमापांची होती. अणू तेच, लिथियम आणि सीझियम. चुंबकीय क्षेत्र ८४३ गॉसजवळ असताना सीझियम-सीझियमची स्कॅटरिंग लेंग्थ (दोन अणू एकमेकांवर किती आणि कसा परिणाम करतात याचं माप) ऋण आहे, तिथे पहिलं शिखर दिसतं. ८८९ गॉसजवळ ती धन आहे, आणि पहिलं शिखर गायब! तिघांची ती अवस्था तीन सुट्या अणूंपर्यंत पोचतच नाही, त्याआधीच सीझियमची जोडी आणि एकटा लिथियम यांत विरून जाते.

हे गणितातूनही निघतं, मान्य आहे. विद्यार्थिदशेतली मी त्या सदस्यांच्याच बाजूने बोलले असते: गुणोत्तर महत्त्वाचं, पहिली पायरी कुठे पडते हा ज्या त्या अणूचा तपशील. पण तिला मी २०११चं सीझियम दाखवेन. वेगवेगळ्या फेशबाख रेझोनन्सवर (चुंबकीय क्षेत्राच्या ज्या मूल्यांजवळ ही स्कॅटरिंग लेंग्थ झपाट्याने वाढते तिथे) पहिली पायरी जवळपास एकाच जागी सापडली, व्हॅन डर वाल्स लांबीच्या (दोन अणूंमधलं ओढीचं बल जिथवर जाणवतं त्या अंतराच्या) साधारण नऊपट अंतरावर. कुणाची तशी अपेक्षा नव्हती. ज्याला तपशील समजत होतो तोच सार्वत्रिक निघाला, आणि तो कळला मोजल्यामुळे. यावर ती म्हणेल, मग आता तरी झालं ना? तर २०१७मध्ये शिकागोलाच, लिथियम-सीझियमच्या एका अरुंद, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या छोट्याशा पट्ट्यातच जाणवणाऱ्या, रेझोनन्सवर, ती जागा ढळलेली सापडली. रेझोनन्स किती अरुंद झाला की ती ढळू लागते, यावर आमचं भांडण अजून चालूच आहे.