मिश्रशब्दांची वही : सांध्याच्या अक्षरापर्यंत

दोन शब्द एकमेकांत मिसळून गमतीचा तिसरा शब्द घडवताना मी इतके दिवस इंग्रजीचाच कित्ता गिरवत होतो. १८९० च्या दशकातल्या ‘ब्रंच’मध्ये ‘ब्रेकफास्ट’चा ‘ब्र्’ आणि ‘लंच’चा ‘अंच’ आहे. १९०५ च्या सुमारास लंडनच्या हवेसाठी प्रचारात आलेल्या ‘स्मॉग’मध्ये ‘स्मोक’ आणि ‘फॉग’ आहेत. दोन्हीकडे कात्री व्यंजन आणि स्वर यांच्यामधून चालते. आपला ‘मिंग्लिश’ही त्याच साच्यातला असून त्यात मराठीच्या वाट्याला जेमतेम ‘म्’ आला आहे. देवनागरी वाचणारा डोळा अक्षर असे मधून चिरत नाही, म्हणून आता पहिल्या शब्दाचे शेवटचे आणि दुसऱ्याचे पहिले अक्षर एकच असेल, अशाच जोड्या मी निवडतो आहे.

फरक लगेच जाणवला. ‘पाऊस’ आणि ‘सबब’ यांची ‘पाऊसबब’ झाली. ‘सासू’ आणि ‘सूचना’ यांची ‘सासूचना’ तर कोणालाही फोड करून सांगावी लागत नाही. शेजारच्या बशीतल्या पोह्यांवर नजर जाते तेव्हा होणारा ‘पोहेवा’ घरात सर्रास वापरात आला आहे. ‘लोकल’ आणि ‘कलह’ यांत ‘कल’ ही दोन अक्षरे समाईक आहेत. चौथ्या सीटवरून होणाऱ्या ‘लोकलहा’त ‘लोक’ही आयतेच येऊन बसतात.

शब्द टिकेल की नाही, याची खरी परीक्षा मात्र विभक्तीत होते. ‘पोहे’ अनेकवचनी असले तरी ‘पोहेवा’ एकवचनी आणि पुल्लिंगी राहतो, कारण लिंग, वचन आणि सामान्यरूप हे सारे शेवटचा शब्द ठरवतो. त्यामुळे ‘पोहेव्यापोटी’, ‘पाऊसबबीखाली’ आणि ‘सासूचनेनुसार’ ही रूपे विनासायास होतात. यांतले ‘सासूचनेनुसार’ एखाद्या सरकारी परिपत्रकातही खपून जाईल, असे माझे प्रामाणिक मत आहे. याउलट ‘चहा’ आणि ‘हाव’ यांची ‘चहाव’ मी खोडली, कारण त्यात सांधा एकाच अक्षराचा असून त्यापुढे उच्चारात नुसता ‘व्’ उरतो आणि ऐकणाऱ्याला केवळ चहाच ऐकू येतो.

सर्वांत रंजक प्रश्न ‘लाडू’ आणि ‘डुलकी’ यांनी उभा केला. जेवणावर लाडू चापल्यानंतर येणाऱ्या झोपेला नाव हवे होते, पण ‘लाडू’तला ‘डू’ दीर्घ आणि ‘डुलकी’तला ‘डु’ ऱ्हस्व आहे. मराठीत शब्दाच्या अंती येणारा उकार दीर्घ लिहिला जातो, म्हणून ‘लाडू’ तसा दिसतो. सांधल्यावर ते अक्षर शब्दाच्या पोटात जाते, अंत्य दीर्घाचे कारण उरत नाही आणि ‘डुलकी’चा ऱ्हस्व तसाच राहतो. म्हणून ‘लाडुलकी’ असेच लिहावे, हे ठरले. अंती ईकार किंवा ऊकार असलेल्या शब्दांचा मोठा साठा या एका निर्णयाने खुला झाला आहे.

क्रियापदांकडे नुकताच वळलो आहे. ‘मिसळ’ आणि ‘सळसळ’ यांची ‘मिसळसळ’ नाम म्हणून बरी होतीच, पण ‘दुसऱ्या घासाला जीभ मिसळसळली’ या वाक्यात ती अधिक खुलते. ‘सळसळणे’ हे क्रियापद आधीच प्रचारात असल्यामुळे तिला काळ आणि पुरुष चालवता येतात. नामावर ओढूनताणून ‘णे’ चिकटवलेले शब्द मी वहीत घेत नाही.

‘रिक्षाक्षेप’ अजून समासात, म्हणजे वहीच्या कडेला, लिहून ठेवला आहे. जवळचे भाडे नाकारणाऱ्या चालकाच्या उत्तराला तो चपखल बसतो, परंतु ‘रिक्षा’ आणि ‘आक्षेप’ यांत आ आणि आ मिळून आ होतो, म्हणजे ‘विद्यालय’सारखा हा सरळसरळ सवर्णदीर्घ संधी आहे. व्याकरणाने आधीच परवानगी दिलेल्या शब्दाला मिश्रशब्द म्हणावे का, याविषयी इतर छंदिष्टांचे मत मला हवे आहे.