सर्टिफिकेट कारखान्याचं, बाग पंचायतीची

पेडणे तालुक्यात, किनाऱ्यापासून जवळच, एका पंचायतीने मुलांची नवी बाग उभी केली होती. उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या आणि मग कुणाला तरी तपासणीची आठवण झाली, म्हणून मला बोलावलं. ठेकेदार फाटकावरच भेटला, हातात कंपनीचं सर्टिफिकेट. "पात्रांव, सगळं ईएन ११७६ प्रमाणे आहे. सही तेवढी करा."

सर्टिफिकेट खोटं नव्हतं. ईएन ११७६ हे खेळसाधनांचं युरोपीय मानक, निविदेत तेच मागितलं होतं. पण तो कागद कारखान्यातून निघालेल्या साधनाचा असतो. जागेवर त्याला काय जोडलं, खाली काय अंथरलं, त्यामुळे जमीन किती वर आली, हे त्यात कुठून येणार? त्या दिवशी सापडलेले जवळजवळ सगळे दोष जोडणीतले होते.

सगळ्यात वाईट होता रॅम्पचा कठडा. तो गावातल्याच फॅब्रिकेटरने केलेला: उभे गज, मध्ये ११० मिमी फट. घराच्या गॅलरीला अशी फट सर्रास दिसते, त्यामुळे त्या माणसाला दोष देता येत नाही. त्याला कुणी वेगळं सांगितलंच नव्हतं. खेळसाधनावर मात्र ८९ ते २३० मिमी हा पट्टा धोक्याचा. तपासायला दोन साचे लागतात. एक ८९ बाय १५७ मिमीचा, लहान मुलाच्या धडाच्या मापाचा. दुसरा २३० मिमी व्यासाची चकती, मोठ्या डोक्याच्या मापाची. पहिला आत जात असेल तर दुसराही गेलाच पाहिजे. इथे पहिला सहज गेला, चकती अडली. मूल डोकं घालतं आणि अडकतं, असं लोकांना वाटतं. तसंही होतं, पण त्याहून वाईट म्हणजे पाय आधी घालणं: कंबर सरकते, छाती सरकते, डोकं अडतं आणि पाय अधांतरी राहतात. म्हणून जमिनीपासून ६०० मिमीच्या वर असलेल्या फटींना ही चाचणी लावतात. रॅम्प जिथे पोहोचतो तो ओटा १.२ मीटरवर होता.

"आडवे दोन गज मारून देतो," ठेकेदार म्हणाला. तेही नको. आडव्या गजांवर पाय देऊन मूल कठड्यापलीकडे जातं. प्रत्येक फटीत मधोमध १२ मिमीचा उभा गज घातला की दोन्हीकडे ४९ मिमी उरतात आणि प्रश्न मिटतो. वेल्ड घासून गुळगुळीत करायची आणि त्यावर झिंक प्रायमर द्यायचा. खाऱ्या हवेत उघडी वेल्ड टिकत नाही.

मग जमीन. चढायच्या जाळीवरून पडण्याची उंची २.१ मीटर, खाली ४० मिमीच्या रबर टाइल्स. टाइलच्याच कागदावर १.३ मीटरच्या पडण्यापर्यंतच चालते असं लिहिलेलं! दोन्ही कागद एकाच फोल्डरमध्ये होते, पण कुणी शेजारी ठेवून वाचले नव्हते. ईएन ११७७ हे साधनांखालच्या जमिनीचं मानक, त्याची चाचणी सोपी आहे: आत संवेदक असलेला ४.६ किलोचा धातूचा अर्धगोल ठरलेल्या उंचीवरून सोडायचा. डोक्याला होणाऱ्या इजेचा निर्देशांक, म्हणजे एचआयसी, १००० च्या आत हवा आणि धक्का २०० जी च्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २०० पटीच्या, आत. २.१ मीटरवरून एचआयसी १६८० आला. दिसायला मऊ आणि पडायला मऊ यांत बराच फरक असतो. रंगीत टाइल्सवर खूश होणाऱ्या सगळ्यांना हा आकडा दाखवावा असं फार वाटतं.

त्याच टाइल्समुळे झोपाळाही बाद झाला. काँक्रीटपासून फळी ३८० मिमी होती, टाइल्स आल्यावर ३४० राहिली. किमान ३५० लागते, नाहीतर पडलेल्या मुलाच्या अंगाला परत येणारी फळी घासते. दोन्ही साखळ्यांची एकेक कडी काढली, काम झालं.

जाळीखाली वाळू सुचवली. २ मीटरच्या वर पडायचं असेल तर ३०० मिमी थर, शिवाय मुलांच्या पायांनी इकडेतिकडे होते म्हणून आणखी १००. दाणा ०.२ ते २ मिमी, धुतलेली, मातीविरहित. "किनारा जवळच आहे," असं पंच म्हणाले. पण तिथली वाळू उपसता येत नाही, आणि तिच्यातलं मीठ बोल्ट खातं. तळाशी निचरा हवाच. तांबड्या मातीत नुसता खड्डा खणून वाळू भरली तर जूनमध्ये तिथे तळं होतं आणि गाळ मिसळून वाळू घट्ट बसते. खडीचा थर, त्यावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं कापड, मग वाळू, आणि पाणी बाहेर न्यायला पाइप.

वाळूत व्हीलचेअर रुतते, म्हणून वाटा आणि जमिनीवरच्या खेळांभोवती जागेवर ओतलेलं अखंड रबरच ठेवायचं. मुळात व्हीलचेअर आत येणंच कठीण होतं: गुरं शिरू नयेत म्हणून नागमोडी फाटक लावलेलं. त्याजागी ९०० मिमी मोकळ्या रुंदीचं, आपोआप मिटणारं फाटक सुचवलं. रॅम्प १:८ चा, म्हणजे व्हीलचेअरला फार चढाचा होता. १:१२ करायचा तर १.२ मीटर उंचीला १४.४ मीटर लांबी लागते, शिवाय १५०० मिमीचे विसावे; तेवढी जागा नव्हती. माझं मत असं की तो रॅम्प काढून टाकावा. वर पोहोचून मुलाला करण्यासारखं काय होतं, तर एक घसरगुंडी, तीही पश्चिमेला तोंड करून, स्टीलची, दुपारी हात लागणार नाही इतकी तापणारी. त्यापेक्षा जमिनीवर वाजवायचे पॅनल, खाली गुडघे जातील असं पाण्याचं टेबल आणि टोपलीचा झोपाळा द्यावा. पणजीत २०२३ पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरतो, त्याचे फलक पंचायतीतही लागले होते. फाटकाकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

मुलांनी भिजत खेळायचा कारंज्यांचा चौक शेवटी पाहिला. ऑइल पेंट दिलेली काँक्रीटची फरशी ओली झाली की चप्पलसुद्धा टिकत नव्हती. रंग खरवडून झाडूची रेघ ओढलेला खरबरीत थर द्यायला सांगितलं. पाणी निघून जायच्या जाळीच्या खाचा १२ मिमी होत्या, त्यात बोट अडकतं. ८ मिमीच्या आत हव्यात. पंपाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, नव्हता. पण खरी अडचण पाण्याची. तेच पाणी टाकीतून फिरवायचं होतं, आणि क्लोरीन दिवसातून एकदा, पहाटे. उन्हात बारीक तुषार उडाले की क्लोरीन झपाट्याने संपतं. १ पीपीएमच्या (दहा लाख भागांत एक भाग) खाली जाऊ द्यायचं नाही आणि पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवायचा, तर चौक चालू असताना दर दोन तासांनी मोजावंच लागतं. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा परजीवी योग्य क्लोरीनमध्येही आठवड्याहून जास्त तग धरतो. न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका लेक पार्कमध्ये २००५ साली अशाच फिरवलेल्या पाण्यामुळे हजारो लोक आजारी पडले. म्हणून फिल्टरनंतर यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा हवा.

झोपाळे आणि जमिनीवरची साधनं वेळेवर उघडायला हरकत घेतली नाही. चढायची जाळी व ओटा पत्र्याने बंद. रॅम्प निघेपर्यंत त्याच्या कठड्याचे गज तरी घालायचे. कारंज्यांचा मुख्य व्हॉल्व कुलूपबंद, यूव्ही बसून नोंदवही सुरू होईपर्यंत. सरपंचांनी विचारलं, उद्घाटनापुरतं दहा मिनिटं पाणी सोडता येईल का? मुलं बाहेर ठेवून सोडा, असं लिहून दिलं.