तुम्ही विचारलंत म्हणून : टीव्हीवर वरचे साठ हजार घालावेत का?

“दोन्ही ५५ इंची, दोन्ही फोर के, एक ४५ हजारांना आणि दुसरा १ लाख ५ हजारांना. मग वरचे ६० हजार नेमके कशाचे, आणि ते आम्ही द्यावेत का?” साताऱ्यात तीस वर्षे टीव्हीदुरुस्तीचे दुकान चालवल्यामुळे दसऱ्याच्या आधीच्या पंधरवड्यात हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून विचारणारे आणखी वाढले आहेत. फोनवर दोन मिनिटांत याचे उत्तर देता येत नाही आणि घाईने दिलेले उत्तर कुणाच्या तरी वर्षभराच्या बचतीवर पडते, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

एकदा असे घाईचे उत्तर मी दिलेले आहे. २०२१ मध्ये आमच्या पेठेतल्या एका निवृत्त शिक्षकांनी ओलेड टीव्ही घेण्याआधी मला विचारले होते. “चित्राच्या बाबतीत त्याच्या तोडीचे दुसरे काही नाही,” असे मी सांगितले, आणि ते खोटे नव्हते. तीन वर्षांनी त्यांनी मला घरी बोलावले. पडदा पांढरा केल्यावर उजव्या कोपऱ्यात एका वृत्तवाहिनीचे बोधचिन्ह आणि तळाशी बातम्यांच्या सरकत्या पट्टीची आडवी छाया स्पष्ट दिसत होती. सर सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत बातम्या लावून ठेवत. ओलेडच्या पडद्यात प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा प्रत्येक ठिपका, स्वतः प्रकाश देतो आणि जो अधिक जळतो तो आधी थकतो. त्यामुळे एकाच जागी तासन्‌तास स्थिर राहणारे चिन्ह पुढे पडद्यावर कायमचे उमटते. हा डाग पुसता येत नाही, पूर्ण पॅनेल बदलावे लागते, आणि हमीची मुदत संपल्यावर पॅनेलचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो. सरांना हे सांगताना मला फार जड गेले. टीव्ही कसा आहे ते मी सांगितले होते. तुम्ही दिवसभर काय पाहता, हे मात्र मी विचारले नव्हते.

तेव्हापासून मी आधी तेच विचारतो. टीव्ही कितीही महाग असो, त्याच्यापर्यंत जे पोहोचते त्यातूनच तो चित्र घडवतो. केबलवर किंवा डिशवर येणारी साधी वाहिनी ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांची, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार पिक्सेलची असते, तर फोर के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख पिक्सेल असतात. वाहिनीकडून आलेल्या एका ठिपक्याच्या जागी टीव्हीला वीस ठिपके भरायचे असतात आणि त्यांतले एकोणीस त्याने अंदाजाने भरलेले असतात. चांगल्या टीव्हीतला प्रोसेसर हा अंदाज अधिक शहाणपणाने करतो हे खरे; पण मूळ चित्रात नसलेली साडीची वीण तोही आणू शकत नाही. म्हणून जुन्या ३२ इंचीवर नीटनेटकी दिसणारी मालिका नव्या ५५ इंचीवर धूसर दिसते आणि लोक टीव्ही सदोष आहे असे समजून मला बोलावतात. अशा घरांत मी टीव्हीला हात न लावता त्याच वाहिनीचे एचडी रूप सुरू करून घ्यायला सांगतो. स्टार प्रवाह किंवा झी मराठी एचडीमध्ये पाहिली, की महिन्याच्या थोड्या जादा पैशांत जो फरक पडतो, तो कोणत्याही महागड्या प्रोसेसरने पडत नाही.

ओटीटीचेही तसेच आहे. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर उतरवले, तेव्हाही फोर के चित्र फक्त ६४९ रुपयांच्या योजनेत होते. १९९ रुपयांच्या योजनेत ४८०पी, म्हणजे उंचीत जेमतेम ४८० ठिपक्यांचे चित्र मिळत होते. फोर केसाठी घरात सेकंदाला १५ मेगाबिटची इंटरनेट जोडणी हवी, असे नेटफ्लिक्स सांगते. लाखाचा टीव्ही घेऊन त्यावर १९९ ची योजना चालवणारी घरे मी पाहिली आहेत, आणि त्यांना हे कुणीही, दुकानदारानेही, समजावलेले नसते.

फोर के ही आता वरच्या किमतीची गोष्ट राहिलेली नाही. ४३ इंचांपासून पुढे ते बहुतेक टीव्हींत असतेच. तरीही अंतराचा हिशेब करून पाहावा. ५५ इंची पडद्यावर फुल एचडीचा (१९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा) एक पिक्सेल सुमारे ०.६३ मिलिमीटरचा असतो आणि निरोगी डोळ्याला तो साधारण सात फुटांच्या पलीकडून वेगळा ओळखता येत नाही. आपल्याकडे सोफा एका भिंतीला आणि टीव्ही समोरच्या भिंतीला असतो, मध्ये नऊ ते बारा फूट. इतक्या अंतरावरून ठिपके वाढवून काही हाती लागत नाही, पडदा मोठा करून मात्र लागते. फोर केच्या चौपट ठिपके असलेल्या एट के टीव्हीसाठी पैसे देऊ नका, असे मी याच कारणाने कोणतीही अट न घालता सांगतो.

मग ६० हजार जातात कशात? मुख्यतः काळा रंग काळा दिसण्यात आणि उजेड खऱ्या उजेडासारखा दिसण्यात. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण खोक्यावरच्या सगळ्या अक्षरांत खरी किंमत असलेली गोष्ट हीच आहे आणि तीच सर्वांत कमी समजावली जाते. साध्या एलईडी टीव्हीत पडद्यामागे दिव्यांच्या पट्ट्या सतत पेटलेल्या असतात आणि समोरचे द्रवस्फटिक दारासारखे उघडून-मिटून प्रकाश सोडतात. दार मिटले तरी फटीतून उजेड येतोच, म्हणून रात्रीच्या दृश्यातले आकाश राखाडी दिसते. आयपीएस जातीच्या पॅनेलमध्ये सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या भागाचे प्रमाण साधारण हजारास एक असते. व्हीए जातीत ते तीन ते पाच हजारांपर्यंत जाते. पुढची पायरी लोकल डिमिंगची. त्यात मागचे दिवे विभागांत वाटलेले असतात आणि दृश्यात जेथे अंधार असेल तेथले मंद होतात. मिनी एलईडीमध्ये हेच विभाग शेकड्यांनी असतात. ओलेडमध्ये मागे दिवाच नसतो, पिक्सेल विझला की काळोख पूर्ण. क्यूएलईडी हे नाव ओलेडसारखे ऐकू येते, पण तो मागून दिवा असलेलाच टीव्ही आहे; दिव्यापुढच्या क्वांटम डॉटच्या थरामुळे त्याचे रंग अधिक शुद्ध होतात. या क्वांटम डॉटच्या शोधासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल दिले गेले, तेव्हा दुकानात येणाऱ्या मुलांना मी ते आवर्जून सांगत असे. पण शुद्ध रंग वेगळा आणि गडद काळोख वेगळा. नुसत्या क्यूएलईडी या शब्दावर वीस हजार वाढवून देऊ नयेत. त्यात लोकल डिमिंग आहे का आणि विभाग किती, हे विचारावे.

एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधारातला फरक अधिक दाखवणाऱ्या चित्रपद्धतीचाही उलगडा येथेच होतो. निट्स हे पडद्याचा उजेड मोजण्याचे माप. जुन्या पद्धतीचे चित्र १०० निट्स इतका उजेड गृहीत धरून तयार होते, एचडीआरचे बहुधा १००० निट्स धरून. २५०–३०० निट्सच्या पडद्याच्या खोक्यावर ‘एचडीआर १०’ छापलेले असते, त्याचा अर्थ इतकाच की तो तशी फाइल स्वीकारतो. ती दाखवण्याइतका उजेड त्याच्याकडे नसतो, म्हणून तो चित्र दाबतो आणि कित्येकदा एचडीआर बंद केल्यावरच ते बरे दिसते. डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्याच एका प्रकारात दृश्यागणिक सूचना येतात आणि त्यामुळे अशा टीव्हीलाही थोडी मदत होते, पण दुबळ्या पडद्यावर नुसत्या त्या चिन्हाचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

माझा भाचा आणि त्याची पत्नी पुण्यात नोकरी करतात. रात्री दहानंतर दिवे मालवून दोघे चित्रपट पाहतात. केबलची जोडणी त्यांनी घेतलेलीच नाही. त्यांनी विचारले तेव्हा मी ओलेड घ्यायला सांगितले, पैसे कमी पडत असतील तर सहा महिने थांबा, पण तोच घ्या असेही सांगितले. त्यांच्याकडे गेलो असताना कंदिलाच्या उजेडातले एक दृश्य पाहिले. ज्योतीभोवतीचा काळोख आणि खोलीतला काळोख यांच्यात टीव्हीची चौकटच दिसत नव्हती. आयुष्यभर हे काम करूनही मी काही क्षण गप्प बसलो. असे पाहणाऱ्यांना वरचे ६० हजार महाग नाहीत. तोच टीव्ही दुपारच्या उन्हाने भरलेल्या दिवाणखान्यात ठेवला आणि त्यावर दिवसभर बातम्या लावल्या, तर काचेवर खिडकीचे प्रतिबिंब आणि सरांच्या घरची छाया एवढेच पदरी पडेल.

१२० हर्ट्झविषयी, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो याविषयी थोडक्यात लिहितो. आपल्याकडचे दूरचित्रवाणी प्रसारण ५० हर्ट्झवर चालते आणि साधा पडदा ते पेलतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. २४ ने १२० ला नेमका भाग जातो, ६० ला जात नाही, म्हणून १२० च्या पडद्यावर कॅमेरा संथ फिरताना चित्र कमी अडखळते. ज्यांच्याकडे पीएस ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स हे खेळाचे यंत्र आहे, त्यांना एचडीएमआय २.१ या वेगवान जोडणीसह १२० हर्ट्झचा उपयोग खराच होतो. क्रिकेटसाठी मात्र ते घेऊ नका. चौकटींच्या मध्ये खोट्या चौकटी घालून हालचाल गुळगुळीत करणारी सोय अनेकदा चेंडूमागे शेपूट काढते, आणि चित्रपट मालिकेसारखे दिसू लागतात ते वेगळेच. २०१८ च्या डिसेंबरमध्ये टॉम क्रूझ या अभिनेत्याने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांच्यासह चित्रफीत काढून ही सोय बंद करा, अशी प्रेक्षकांना विनंती केली होती. सेटिंगमध्ये जाऊन बंद करायची गोष्ट वरचे पैसे देऊन कशाला घ्यायची?

टीव्हीतल्या ‘हुशारी’साठीही, म्हणजे स्मार्ट टीव्हीच्या अ‍ॅपसाठीही, पैसे देऊ नयेत. पडदा दहा वर्षे टिकतो, आतले अ‍ॅप त्याआधी मागे पडतात. १ डिसेंबर २०१९ पासून नेटफ्लिक्स काही जुन्या स्मार्ट टीव्हींवर चालेनासे झाले ते असेच. चार-पाच हजारांची, अ‍ॅप चालवणारी स्टिक मागे लावली, की जुना टीव्ही पुन्हा चालू लागतो.

एका गोष्टीवर मात्र खर्च करा असे मी जवळपास प्रत्येकाला सांगतो, आणि ती टीव्हीत नसतेच. टीव्ही पातळ होत गेले तसे त्यांचे स्पीकर लहान होऊन खालच्या बाजूला तोंड करून बसले. आवाज गालिच्यावर आणि कपाटावर आदळून आपल्याकडे येतो; संगीत ऐकू येते, शब्द हरवतात. अशा स्पीकरशेजारी लिहिलेल्या ‘अ‍ॅटमॉस’ने, म्हणजे चोहोबाजूंनी आवाज येण्याच्या तंत्राच्या नावाने, त्यात फरक पडत नाही. माझी आई ७८ वर्षांची आहे. घरात नवा टीव्ही आला तेव्हा चित्र पाहून ती खूश झाली आणि दोन दिवसांनी मालिका पाहणेच तिने सोडले. शब्द कळत नव्हते, पण सारखे “आवाज वाढव” म्हणण्याचा तिला संकोच वाटत होता. मी ९ हजारांचा साउंडबार आणला, संवादासाठी मधोमध स्वतंत्र स्पीकर असलेला, आणि एचडीएमआयच्या एआरसी खाचेला, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या खाचेला, जोडला. त्या संध्याकाळी ती भाजी निवडता निवडता पडद्यावरच्या सासूला उत्तरे देऊ लागली.

आईमुळेच आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या घरांत टीव्ही समोर बसूनच पाहिला जातो असे नाही. कुणी स्वयंपाकघराच्या दारातून, कुणी खाली जमिनीवरून, कुणी दिवाणाच्या टोकाला आडवे होऊन पाहते. व्हीए पॅनेलचा काळा रंग समोरून चांगला दिसतो, पण बाजूने पाहिले की चित्र फिके पडते. आयपीएस आणि ओलेड बाजूनेही टिकतात. दुकानात गेल्यावर ओट्यापाशी उभे आहोत असे समजून तेवढ्या तिरक्या कोनातून पाहून घ्यावे.

दुकानातले टीव्ही ‘शॉप मोड’वर, सर्वाधिक उजेडावर आणि निळसर झाक देऊन लावलेले असतात आणि त्यांवर कंपनीनेच दिलेली फुलांची, समुद्राची संथ चित्रफीत फिरत असते. तुमच्या घरी ती कधीच लागणार नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी, गर्दी नसताना जावे, टीव्ही ‘होम’ किंवा ‘सिनेमा’वर आणायला सांगावे, आणि सेट टॉप बॉक्स जोडून तुम्ही रोज पाहता ती वाहिनी लावायला सांगावी. घरी आणल्यावरही बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांचा उजेड, शंभरावर ठेवू नये. दुरुस्तीला येणाऱ्या साध्या टीव्हींत जळालेल्या बॅकलाइटच्या पट्ट्या मी सर्वाधिक बदलल्या आहेत आणि त्यांतले बहुतेक टीव्ही पूर्ण उजेडावर चालवलेले असत.

यंदा ज्यांनी हा ६० हजारांचा प्रश्न विचारला, त्यांच्या सोफ्यापासून भिंत ११ फूट आहे, खिडकी पश्चिमेला आहे, घरात दिवसा बातम्या, संध्याकाळी मालिका आणि हंगामात क्रिकेट चालते. त्यांना मी दोन्हींपैकी एकही घेऊ दिला नाही. त्यांनी ७० हजारांच्या आतला ६५ इंची, लोकल डिमिंग असलेला टीव्ही घेतला, वाहिन्या एचडी करून घेतल्या आणि साउंडबार जोडला. सगळे मिळून त्या महागड्या टीव्हीपेक्षा २० हजारांहून अधिक वाचले. परवा फोन आला तेव्हा त्यांनी चित्राविषयी काही सांगितले नाही; खिडकीला जाड पडदा लावावा का, एवढेच विचारले. लावा, असे मी सांगितले.